माझे हात, ओवीचे गाल आणि केळीतला बिबट्या

आधीच सांगून टाकतो. मुक्ताईनगर तालुक्यातल्या आमच्या गावात "नानाने सांगितलं" म्हटलं की ऐकणारा निम्मं सोडून देतो आणि उरलेल्याला दोनाने भागतो. विहिरीत गळाला लागलेल्या माशाने मला ओढत तापीपर्यंत नेलं होतं, हे मी तीस वर्षं सांगतोय आणि दर वर्षी तो मासा हातभर वाढतो. लोक हसतात, चहा पाजतात, आणखी एक सांगा म्हणतात. तेव्हा हे पुढचं सगळं खरं आहे अशी शपथ घेतली, तर माझ्या शपथेलाही हसतील. तरी लिहितो. मी सगळ्यात जास्त घाबरलो होतो त्या दिवसांत असं काही वाचायला मिळालं असतं, तर स्वतःच्या नातीपासून मी दोन आठवडे पळालो नसतो.

हात

मागच्या हिवाळ्यात, केळीची कापणी चालू असताना सुरुवात झाली. उजव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यात बारीक पुरळ आलं. मोहरीएवढे दाणे, आत पाणी. आणि खाज! तिला खाज म्हणणं म्हणजे तापीला ओहोळ म्हणणं. दाराची चौकट, गाडीचं चाक, खाटेचा सुंभ, जे खरखरीत दिसेल त्यावर हात घासत सुटायचो. आमच्या ओट्याचा दगड त्या महिन्यात दोन बोटं झिजला. मग दाणे फुटले, कातडी जाड झाली, काळवंडली आणि उन्हाळ्यातल्या काळ्या जमिनीसारखी तडकली. मूठ वळली की भेगेतून रक्त यायचं.

भागवत माझा लहानपणापासूनचा दोस्त, बांधाला बांध लागून मळा. तो हात बघून म्हणाला, "नाना, हे हात हायेत का मगरीची पाठ?"

"मगरीशीच हात मिळवून आलो," मी म्हणालो. "तिने सोडला, मी नाही सोडला."

तो हसला. मीही हसलो. मग त्याने सगळ्या गावाला माहीत असलेलं निदान केलं, "चीक लागला."

केळीचा चीक एकदा लागला की कपडा विरतो पण डाग जात नाही. तो हातावरून काढायला आमच्याकडे पूर्वी रॉकेल वापरत. आता रॉकेल दिसत नाही, म्हणून ट्रॅक्टरच्या टाकीतलं डिझेल. चिंधी डिझेलमध्ये बुडवायची, हात खसाखसा पुसायचे, मग कपड्याच्या पावडरीने धुवायचे, वरून कढत पाणी. कढत पाण्यात खाज अशी शमायची की वाटायचं, स्वर्ग म्हणतात तो बादलीतच आहे. अर्ध्या तासात तीच खाज सात बहिणी घेऊन परत यायची. मी पुन्हा डिझेल, पुन्हा पावडर, पुन्हा बादली. पन्नास वर्षं या हातांनी हेच सोसलं होतं आणि कधी तक्रार केली नव्हती. आता केली, तर मी त्यांचं ऐकलं नाही.

भागवतने एक ट्यूब दिली. ती ट्यूब आमच्या गावात लग्नातल्या सतरंजीसारखी फिरते. नायटा, खरूज, घामोळं, जावयाच्या पायाची भेग, सगळ्याला तीच. मेडिकलवाल्याला नाव सांगायची गरज नाही, नुसता हात खाजवून दाखवला की पुढ्यात ठेवतो. चार दिवसांत माझा हात नवरदेवासारखा झाला. ट्यूब थांबवली आणि आठव्या दिवशी दुप्पट उसळून आलं. पुन्हा ट्यूब. असं किती वेळा केलं ते मोजलं नाही.

शेवटी गावातल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "काही लावलंत का?"

"छे," मी म्हणालो. "खोबरेल तेलसुद्धा नाही."

हे मी का सांगितलं? काही सवय, काही लाज. माणूस पंचायतीसमोर खरं बोलेल, पण दुसऱ्याची वापरलेली ट्यूब लावली हे डॉक्टरला सांगणार नाही. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला (गावात ते नवीन होते) आणि गजकर्णाच्या गोळ्या दिल्या. गोळ्या गजकर्णाच्या होत्या, हाताला गजकर्ण नव्हतं. त्यात त्यांची काय चूक? ट्यूबने रोगाचं तोंड पुसून टाकलं होतं आणि उरलेलं मी माझ्या तोंडाने पुसलं.

गाल

ओवी माझी नात. तेव्हा अडीच वर्षांची. माझा मुलगा प्रशांत दीपनगरला वीज केंद्रात ड्युटीला जातो, सून वैशाली शिवणकाम करते, म्हणून दिवसभर ओवीची जागा माझी मांडी. केळं सोलून बोटाने कुस्करून तिला मीच भरवायचो. माझ्या गोष्टींवर शंका न घेणारं गावातलं ते एकमेव माणूस.

तिचे गाल सहा महिन्यांची असल्यापासून खरबरीत असायचे. आम्ही म्हणायचो, थंडीने उलले. उन्हाळ्यात म्हणायचो, घामाने आलं. आमच्याकडे हवेला कोणताही गुन्हा चिकटतो, हवा नाही म्हणत नाही. त्या हिवाळ्यात मात्र ती आईच्या खांद्यावर गाल घासायला लागली, झोपेत खाजवायला लागली. सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे बारीक ठिपके दिसायचे. वैशाली ते कोणाला न दाखवता धुऊन टाकायची. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. तिला वाटत होतं, आपल्याच दुधात काही दोष होता.

एका दुपारी ओवी मांडीवर पालथी पडून माझ्या धोतराच्या सोग्याशी खेळत होती. तिचा फ्रॉक वर सरकला आणि गुडघ्याच्या मागची लवण मला दिसली. तिथली कातडी जाड झाली होती. राखाडी, काळसर, बारीक चिरा पडलेली. शेजारी तिच्या पायावर माझा हात होता. दोन्ही कातडी एकच.

मी लहान असताना आमच्या गावाच्या टोकाला एक माणूस खोपट करून राहायचा. त्याला महारोग होता. त्याला भाकरी द्यायची ती वरून टाकायची, असा नियम. आम्ही पोरं त्याची सावली ओलांडायची पैज लावायचो. तो एकदाही आमच्यावर ओरडला नाही. मोठेपणी मी त्याच्याही गोष्टी रचल्या, रंगवून सांगितल्या, लोकांना हसवलं. त्या दुपारी तो माणूस साठ वर्षं चालत येऊन माझ्या ओट्यावर बसला.

लहानपणी ऐकलं होतं की त्या रोगात काटा टोचला तरी कळत नाही. मी ओवीला खाली ठेवलं, मळ्यात गेलो, बाभळीचा लांब काटा तोडला आणि तळहाताच्या मधोमध दाबला. काही कळलं नाही. आणखी दाबला. काटा उभा राहिला, मी हात सोडला तरी उभा राहिला. मला काहीच लागत नव्हतं.

मी बांधावर बसलो. किती वेळ, माहीत नाही. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, मी हे पोरीला दिलं. केळं भरवता भरवता, रोज, माझ्या या बोटांनी.

बिबट्या

घरी आलो तेव्हा ओवी दोन्ही हात वर करून धावत आली. "नाना, कडेवर!"

"लांब हो!" मी ओरडलो.

माझा आवाज मोठा आहे. पलीकडच्या मळ्यातली माणसं माझी कुजबुज ऐकतात. पण तो आवाज तिने स्वतःवर आलेला कधी ऐकला नव्हता. ती जागच्या जागी थांबली. रडली नाही. हात मात्र तसेच वर राहिले, मग हळूहळू खाली आले. आयुष्यात मी इतक्या गोष्टी वाढवून सांगितल्या आहेत, ही वाढवावी लागत नाही.

त्याच दिवशी मी जाहीर केलं, केळीत बिबट्या आलाय, राखणीला मळ्यातल्या खोलीत राहणार. बिबट्या सांगायचा तर नीट सांगितला पाहिजे. माझा बिबट्या बैलाएवढा होता, शेपटी ठिबकच्या नळीएवढी लांब, आणि एक डोळा फुटका. फुटका डोळा ऐकला की लोकांचा विश्वास बसतो, हे माझं अनुभवाचं सांगणं. नानाने सांगितलं म्हणून निम्म्याने हसावं, तर यावेळी कोणीच हसलं नाही. आमच्या भागात केळीत खरेच बिबटे येतात. मास्तरांनी पोरांना घोळक्याने शाळेत यायला सांगितलं. वनरक्षक आला, ठसे बघून म्हणाला, "आबा, हे कुत्र्याचे पाय आहेत."

"हुशार जनावर आहे," मी म्हणालो, "कुत्र्याचे पाय लावून फिरतं."

गंमत वाटते ना? मला त्यातली एकही गंमत वाटत नव्हती. मी खोलीत वेगळं ताट ठेवलं, वेगळा तांब्या. हाताला गुंडाळलेल्या चिंध्या खड्डा करून पुरायचो. सकाळी उठलो की मोटारसायकलच्या आरशात नाक जागेवर आहे का ते बघायचो. भुवया मोजायचो. घरून डबा आला की आणणाऱ्याला सांगायचो, बांधावर ठेव आणि जा, जनावर जवळपास आहे. तो डबा ठेवून पळायचा आणि मला त्या खोपटातला माणूस आठवायचा. भाकरी वरून टाकत नव्हते, एवढाच फरक.

दिवसातून आठ वेळा हात धुवायचो. डिझेल, पावडर, कढत पाणी. आता तर रोग मारायचा म्हणून फिनेलही टाकलं. हात सोलून निघाले.

आणि माझ्याच बिबट्याने मला खाल्लं. कापणीची टोळी म्हणाली, जनावर पकडल्याशिवाय आम्ही बागेत पाय ठेवत नाही. घड झाडावर पिकायला लागले. पक्षी आले, वटवाघळं आली. मी माझ्या बागेत उभा राहून माझी केळी सडताना बघत होतो आणि कोणाला सांगू शकत नव्हतो की बागेत घाबरण्यासारखं जनावर एकच आहे, ते दोन पायांवर चालतं आणि त्याला नातीची आठवण येते.

सुमन

सुमन माझी बायको. माहेर सोनगीरचं, धुळ्याकडचं. आमच्या घरात चाळीस वर्षं राहून ती आमच्यासारखी बोलायला शिकली, पण राग आला की अहिराणीवर येते. अकराव्या का बाराव्या दिवशी, भर दुपारी, ती एकटीच बागेतून चालत आली. हातात काठीसुद्धा नाही.

"एकटी कशाला आलीस? जनावर आहे!"

"कोठे शे बिबट्या? माले दखाडा."

"आत्ता पलीकडे गेला."

"बलावा त्याले. माले भेव नही वाटस."

मी हात पाठीमागे घेतले. तिने डबा खाली ठेवला, जवळ आली आणि एखाद्या पोराच्या मुठीतून चोरलेला गूळ काढावा तसा माझा हात पुढे ओढला. चिंधी सोडली. बघत राहिली. मला वाटलं, आता ही मागे सरकेल. ती सरकली नाही. माझा सोललेला हात तिने आपल्या दोन्ही तळव्यांत धरला.

"इतला दिन काबर सांगं नही?"

मग मी सांगितलं. काटा, महारोग, ओवीच्या पायाची लवण, सगळं. बोलताना माझा आवाज फाटला. माझा आवाज फाटलेला तिने तोवर ऐकला नव्हता, आणि मीही.

तीही घाबरली होती, मला कळत होतं. पण हात सोडला नाही. मग ती म्हणाली की ओवीचं वाढलंय, गालावरून पाणी येतंय, पोरगी खात नाही आणि दारात बसून "नाना रागावला" एवढंच म्हणते. वैशालीने उद्या जळगावला चामडीच्या डॉक्टरचा नंबर लावलाय.

"तुम्ही बी चला. आन तठे बठ्ठं खरं सांगज्यात. एक शब्द बनाडा, तर मी सोनगीरले निंघी जासू."

एक शब्द रचला तर माहेरी निघून जाईन, अशी धमकी तिने चाळीस वर्षांत मला एकदाही दिली नव्हती.

जळगाव

दवाखान्याच्या बाकावर सगळे आपापलं झाकून बसले होते. कोणी रुमालात हात, कोणी स्कार्फमध्ये मान, एक कॉलेजचा पोरगा जानेवारीत मफलर कपाळापर्यंत ओढून. तोंड उघडलं असतं तर मी त्यांना तासभर हसवलं असतं. पण मी बाकाच्या टोकाला, सगळ्यांपासून हातभर लांब बसलो. ओवी वैशालीच्या मांडीवर. माझ्याकडे बघून तिने तोंड आईच्या पदरात घातलं.

एक बाई आली, बाकावर जागा कुठे ते बघितलं आणि सरळ माझ्या शेजारी टेकली. "सरका हो भाऊ जरा." तिला माझे गुंडाळलेले हात दिसत होते. ती माझ्या खांद्याला खांदा लावून बसली आणि मोबाइल बघत राहिली. बाई, तुमचं नाव मला माहीत नाही. त्या दिवशी तुम्ही काय केलंत ते तुम्हालाही माहीत नाही.

डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. आधी ओवीला बघितलं. गाल, कोपराची लवण, गुडघ्यामागची लवण, मान. नखं बघितली, खाजवून खाजवून ती गुळगुळीत झाली होती. प्रश्न कितीतरी. केव्हापासून? मध्ये बरं होतं का? कोणत्या दिवसांत वाढतं? झोपते का? घरात आणखी कोणाला खाज आहे? रात्री सगळेच खाजवतात का?

"सगळे नाही," वैशाली म्हणाली. "फक्त नानांना."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "सोडा ते."

मी चिंध्या सोडल्या.

"काय काय लावलंत?"

माझ्या तोंडात "छे, काहीच" तयार होतं. अगदी दाताशी आलं होतं. सुमन माझ्याकडे बघत नव्हती, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. मी डोळे मिटले आणि सांगत गेलो. डिझेल. पावडर. कढत पाणी. भागवतची ट्यूब, किती वेळा ते आठवत नाही. गावातल्या डॉक्टरांशी खोटं बोललो. फिनेल.

"फिनेल?" बाईंनी पेन खाली ठेवलं.

"दोन दिवस," मी म्हणालो. सुमन खाकरली. "पाच."

खरं बोलणं इतकं दमवतं हे मला माहीत नव्हतं. त्यापेक्षा घड वाहिलेले परवडतात.

मग मी काट्याचं सांगितलं. तो शब्दही उच्चारला. वैशालीने ओवीला छातीशी घट्ट धरलं.

बाई हसल्या नाहीत. कापसाच्या बोळ्यातून एक बारीक धागा ओढून तो टोकदार वळला. "नाना, डोळे मिटा. मी कुठेतरी हा कापूस टेकवीन. लागलं की दुसऱ्या हाताच्या बोटाने ती जागा दाखवायची."

आयुष्यभर कापूस आणि केळीत राहिलो. कापसाच्या एका धाग्याची मला इतकी भीती वाटेल, असं कोणी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, हा माझ्यावर ताण करतोय. डोळे मिटले. पापणी किलकिली करून बघावं, असं मनात आलं. शंभर वेळा आलं. फसवायला किती सोपं होतं! पण मग पोरीचं काय? मी पापण्या इतक्या आवळल्या की कानशिलं दुखली.

काही नाही. काही नाही. मला वाटलं, त्या टेकवतायत आणि मला कळत नाहीये. घाम मानेवरून खाली उतरला.

मग हाताच्या पाठीवर, त्या जाड काळ्या चट्ट्याच्या मधोमध, काहीतरी माशीच्या पायासारखं हललं.

"इथे," मी म्हणालो. आवाज माझा नव्हता.

पुन्हा. "इथे." मनगटावर. "इथे." करंगळीच्या बुडाशी. "इथे, इथे." कापूस उचलल्यावरसुद्धा मी "इथे" म्हणत राहिलो, तेव्हा बाई म्हणाल्या, "उघडा डोळे. सगळं लागतंय तुम्हाला."

"आणि काटा?"

त्यांनी माझा तळहात उलटा केला, मधल्या घट्ट्यावर टिचकी मारली. टक असा आवाज आला. "पन्नास वर्षं कोयता धरलेल्या हाताचा घट्टा आहे हा. यात काटा काय, खिळा गेला तरी तुम्हाला उशिरा कळेल." मग त्यांनी कोपरांमागच्या नसा चाचपल्या, चट्ट्यावरचा कोंडा काचेच्या पट्टीवर खरवडून आतल्या खोलीत बघून आल्या. बुरशी नव्हती. मग ओवीच्या बोटांची बेचकी, मनगटं, पोट भिंगातून पाहिलं. खरूज नव्हती.

"एक्झिमा," त्या म्हणाल्या. "तुम्हालाही आणि हिलाही. लागट नाही. कडेवर घेऊन, एका ताटात जेवून, एका पांघरुणात झोपून एकाचं दुसऱ्याला होत नाही. आणि नाना, तुम्ही ज्याला घाबरलात तो रोग असता, तरी तो आता गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. नातीला सोडून मळ्यात राहायची गरज तेव्हाही नव्हती. डॉक्टरकडे यायची होती."

मला एकदम त्या खोपटातल्या माणसाची आठवण झाली. मी खाली बघितलं.

"मग दोघांना एकाच वेळी कसं?" वैशालीने विचारलं.

बाईंनी मला लहानपणाचं विचारलं. माझ्या आईने थंडीत माझ्या हातांना फडकी बांधलेली असायची, मी खाजवू नये म्हणून. मला वाटायचं, मी मारामाऱ्या करतो म्हणून बांधते. प्रशांतला लहानपणी दमा होता. बाई मान हलवत गेल्या. काही घराण्यांची कातडी जन्मतःच कोरडी, हुळहुळी असते. तान्ह्या बाळाला गालावर, थोडं मोठं झालं की कोपर-गुडघ्याच्या लवणीत, आणि माझ्यासारख्याला वर्षानुवर्षं झोपून राहून पुन्हा हातांवर, कोणी डिझेलने उठवलं की. पुस्तकात लाल चट्टे असं लिहिलेलं असतं म्हणे. आमच्या कातडीवर लाल कुठून दिसणार? ते काळसर, राखाडी दिसतं, म्हणून घरच्यांना ओळखू येत नाही. या आजाराला रक्ताची एक तपासणी करून शिक्का मारता येत नाही, असंही त्या म्हणाल्या. बघून, विचारून आणि खरं ऐकून तो ओळखायचा असतो.

"म्हणजे माझ्याकडूनच आलं तिला," मी म्हणालो.

"तुमचं नाकही आलंय," बाई म्हणाल्या. "त्याचं वाईट वाटतं का?"

वैशाली त्या वेळी रडायला लागली. दुधाचं तिने तिथेच सांगितलं. सुमनने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि आम्ही तिघेही, गुन्हा कबूल करायला आलेले तीन निर्दोष लोक, त्या खोलीत नाकं पुसत बसलो.

नंतर

बिबट्याचं मी चावडीवर कबूल केलं. निम्मी माणसं अजून म्हणतात, नाना आता खोटं बोलतोय, बिबट्या होताच. फुटक्या डोळ्याचा तो भागवतला दोनदा दिसलाही आहे.

उपचार कंटाळवाणे आहेत. त्यावर गोष्ट रचता येत नाही. कोमट पाणी, थोडाच वेळ. अंग ओलसर असतानाच मलम, भरपूर, दिवसातून तीन-चार वेळा. औषधाची ट्यूब वेगळी, ती सांगितली तेवढीच, सांगितले तितकेच दिवस. नखं कापलेली, कपडे सुती. केळीत जाताना मला आत सुती आणि वर रबरी हातमोजे. टोळीची पोरं म्हणतात, "नाना ऑपरेशनला निघाले." डिझेल फक्त ट्रॅक्टरला. माझे हात दीड महिन्यात वळायला लागले. आजार मुळापासून जात नाही, दबून राहतो. थंडी आली की पुन्हा डोकं वर काढतो. सुरुवातीला रोज सकाळी ओवीची लवण बघायचो, लांबून.

लांबून, कारण ती माझ्याकडे येत नव्हती.

हे कोणी मला सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, लागट नाही म्हटल्यावर गाडीतच ती माझ्या मांडीवर येईल. ती आली नाही. घरी आली नाही, दुसऱ्या दिवशी आली नाही. मी हात पुढे केले की ती आईमागे जायची. मी मासा सांगितला, वाघ सांगितला, उंदराचं लग्न लावलं. ती लांब उभी राहून ऐकायची आणि गोष्ट संपली की आत जायची. अडीच वर्षांच्या माणसाला काय समजावणार? जे लागट नव्हतं त्याच्या भीतीने मी तिचं-माझं नातं तोडलं होतं, आणि त्याला मलम नव्हतं. मला भीती वाटायला लागली की तिच्या कातडीवरच्या चट्ट्यांआधी माझंच नाव तिच्या मनातून पुसलं जाईल.

सुमन म्हणाली, "बोलू नका. नुसतं बसा." माझ्यासाठी यापेक्षा कडू औषध नव्हतं. मलम वैशाली लावायची, त्या वेळी मी ओट्यावर बसून राहायचो, तोंड बंद, हात मांडीवर उघडे ठेवून. असे किती दिवस गेले ते खरंच मोजले नाहीत.

एके सकाळी वैशाली शिवणाच्या मशीनवर होती, हातात कोणाचा तरी ब्लाउज, अर्धा शिवलेला. ओवी अंघोळ करून, ओली, मलमाची डबी दोन्ही हातांत धरून बाहेर आली. आईकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मी श्वास घेतला नाही. ती दोन पावलं आली, थांबली, आणखी एक आली. डबी माझ्या मांडीवर ठेवली, पाठ फिरवली आणि गुडघ्यामागची लवण माझ्यापुढे धरली.

"नाना," ती म्हणाली, "इथे."